रणधीर काही केल्या दुष्ट होईना

८ नोव्हेंबर १९३८, गोंदिया

आजची आवक. घासलेट एक बाटली, दोन आणे. साखर एक शेर, साडेतीन आणे. शाईच्या टिकल्या, एक आणा. कापूर, दोन पैसे. आणि नागपूरहून संपादकांचं पत्र. तिकीट त्यांचं, मनस्ताप माझा.

पत्रात असं की, ‘मंजुळा’ कादंबरीचं सहावं प्रकरण वाचकांना रुचलं नाही. नायिका ठीक आहे, नायकही बरा आहे, पण खलनायक रणधीर हा ‘आमच्या ओळखीतल्या सर्व गृहस्थांहून सज्जन’ वाटतो. तो मंजुळेला पळवायला येतो, त्या दिवशी एकादशी निघते म्हणून शेंगदाणे खाऊन परत जातो, हे असं का, असं विचारलं आहे. का म्हणजे? एकादशीला कोणी मुलगी पळवतं का?

पुढच्या प्रकरणात रणधीर दुष्ट झाला नाही तर कादंबरी बंद करू, हेही लिहिलं आहे. पत्र माझ्या नणंदेने, प्रेमिलाने, वाचून दाखवलं. माझ्या चष्म्याची एक काच तडकली आहे आणि बारीक अक्षर दिसत नाही. नवा चष्मा म्हणजे महिन्याचं तेल. अडलं काही नाही. मी तांदूळ निवडता निवडता सांगते, प्रेमिला ह्यांच्या मिलच्या जुन्या चलनांच्या पाठीवर लिहून घेते, मग कोऱ्या कागदावर स्वच्छ प्रत करून नागपूरला टाकते. चलनांचा चुलीला जाळ होतो. मासिक छापून आलं की तीच वाचून दाखवते. पैचा कागद वाया जात नाही.

मासिकात माझं नाव नाही, ‘एक गृहिणी’ असं छापतात. ह्यांना ठाऊक आहे, प्रेमिलाला ठाऊक आहे, बाकी कोणाला नाही.

११ नोव्हेंबर

एवढ्या मोठ्या गोंदियात एक धड दुष्ट माणूस नाही. सकाळपासून आठवून राहिले. किराणावाला मापात मारतो, पण मुंग्यांना पीठ घालतो. शेजारच्या सुशीलाबाईंची सासू जिभेची तिखट होती, पण ती वारली, आणि मेलेल्या माणसाचं वाईट लिहू नये. शिवाय पानाच्या माथ्यावर मी ‘श्री’ लिहिते. त्याच्या खाली शिव्या कशा लिहायच्या?

जेवताना ह्यांना म्हटलं. हे हसले आणि म्हणाले, चैतराम मास्तरला विचार, तो दरवर्षी मंडईच्या नाटकात खलनायक होतो. हा चैतराम आमगावकडचा, आमच्याच जातीचा, इथे प्राथमिक शाळेत आहे. त्याच्या गावी दिवाळीनंतर मंडईची जत्रा भरते, तेव्हा तोंडाला रंग लावून उभा राहतो. यंदा म्हणे एक म्हातारी प्रेक्षकांतून उठली आणि भर नाटकात त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करून खाली बसली. ह्यांना हे मोठं कौतुकाचं वाटतं. मला नाही वाटत. शिक्षकाने असं करावं का?

पण गरज माझी आहे. रविवारी बोलवा म्हटलं.

१३ नोव्हेंबर

चैतराम मास्तर येऊन गेला. मी कादंबरी लिहिते हे सांगितलं नाही, माझ्या एका मैत्रिणीला अडचण आहे असं सांगितलं. तो मान खाली घालून म्हणाला, मैत्रिणीची अडचण सांगा. काय ते त्याला कळलं असेल तर कळो.

रणधीरची हकीकत त्याने शेवटपर्यंत ऐकली. मग म्हणाला, “वहिनी, हा मिशा पिळून हसते, म्हणून लोकाईले त्याची भीती वाटत नाही. मी जेव्हा सोंग घेतो तेव्हा मनात पक्कं करतो का आपन सगळ्याइचं भलंच करून राहिलो. मग म्हातारी उठून शिव्या देते.”

म्हणजे खलनायकाने भलं करायचं. मग रणधीर आधीपासून दुसरं काय करून राहिला आहे? ह्या मंडळींना कादंबरीतलं काही कळत नाही.

प्रेमिलाने न सांगता चहा केला. मास्तरच्या कपात अडीच चमचे साखर घातली, मी दारातून पाहिलं. तो गेल्यावर बोलले, आणि साखरेच्या डब्याला कुलूप घातलं. तिला त्याचं वाईट वाटलं नाही असं दिसलं. उलट गुणगुणत होती. पोरीच्या अंगात काटकसर अजून मुरत नाही.

सातवं प्रकरण दुपारी सांगून संपवलं. रणधीर मंजुळेच्या घराला आग लावायला जातो, पण गोठ्यातल्या गाईकडे पाहून थांबतो. प्रेमिला म्हणाली, वहिनी, तो आग लावते काय नाही? मी म्हटलं, गाय आहे ना तिथे.

२० नोव्हेंबर

भैय्यालालमामा अर्जुनीहून छोट्या लाइनच्या गाडीने आले. हे ह्यांचे मामा, सासूबाई गेल्यापासून घरात मोठे तेच. प्रेमिलासाठी स्थळ आणलं आहे. मोरगाव अर्जुनीचे ईश्वरदास, भाताची मोठी शेती, मिलमध्ये भागी. बिजवर आहेत, पहिली वारली. मूलबाळ नाही. हुंडा नको, फक्त मुलगी घरकामाची हवी.

मला स्थळ पटलं. प्रेमिला सासूबाईंनी माझ्या ओटीत टाकली तेव्हा सहा वर्षांची होती. देवाने मला पोर दिलं नाही, पण ही दिली. तिला उपाशी राहणं माहीत नाही आणि पुढेही माहीत होऊ नये.

२४ नोव्हेंबर

मार्गशीर्षातला गुरुवार. गुरुवारी दुष्टपणा लिहीत नाही. आज आठवं प्रकरण सांगायचं होतं, ते राहिलं. काल सांगणार होते तर पाहुणे आले. परवा सांगणार होते तर मंजुळेचा विरह लिहिण्यात दिवस गेला, विरह मला चांगला साधतो. लेखिकेने घर सांभाळावं की रणधीरला बिघडवावं, हे एकदा त्या संपादकांनी माझ्या चुलीपुढे बसून सांगावं.

संध्याकाळी हे म्हणाले, चैतराम मास्तरच्या आईकडून निरोप आला आहे, प्रेमिलाला मागणी घातली आहे. मी स्पष्ट नाही म्हटलं. अठरा रुपये पगार, भाड्याची खोली, वरून तोंडाला रंग. ह्यांनी दोनदा माझ्याकडे पाहिलं आणि नकार कळवला. हे फार मऊ आहेत.

२ डिसेंबर

ईश्वरदास मुलगी पाहून गेले. माणूस हिशेबी आहे, मला तेच आवडलं. बसल्या बसल्या विचारलं की मुलगी एका वेळी किती भाकरी खाते. मामा हसले, पण मला तर प्रश्न बरोबर वाटला, घर चालवणाऱ्याला माहीत असायला हवं. पहिलीचे दागिने पेटीत तसेच आहेत म्हणाले, नवे करायचा खर्च नाही. पहिलीला काय झालं होतं ते मी विचारलं. म्हणाले, अशक्त होती, काम झेपत नव्हतं. वाचन-लिखाण घरात कोणी करत नाही, पुढेही लागणार नाही, हेही सांगून टाकलं. म्हणजे लपवाछपवी नाही.

वय पंचेचाळीस. प्रेमिलाला मी म्हटलं, पंचेचाळीस म्हणजे काही म्हातारपण नाही, नवऱ्याला अक्कल यायची वाट पाहावी लागत नाही, ती आयती मिळते. ती उठली. मागच्या अंगणात जाऊन भांडी घासत बसली, घासलेलीच.

साक्षगंध वसंत पंचमीला ठरलं.

७ डिसेंबर

दत्तजयंती. संपादकांचं पत्र. प्रेमिलाने वाचलं. सातवं प्रकरण छापून आलं आणि ‘खलपात्र आता खरोखर जिवंत झालं आहे, वाचकांची पत्रं येत आहेत, असंच चालू ठेवावं.’

मी दोनदा वाचायला लावलं. त्या गाईनेच काम केलं असणार. दत्तगुरूंना नारळ फोडला, पाच पैसे. छापलेलं प्रकरण प्रेमिलाने वाचून दाखवलं, ऐकायला तसंच वाटलं जसं मी सांगितलं होतं. मग आत्ताच असं काय आवडलं लोकांना, देव जाणे. संपादकांचं डोकं ठिकाणावर नाही असंच मला वाटून राहिलं आहे.

२६ डिसेंबर

प्रेमिलाचं तोंड उतरलं आहे. जेवत नाही. मी म्हटलं, सासरी जायची पोरगी अशी वाळली तर ते काय म्हणतील, तर उठून गेली. शाळेच्या रस्त्याने देवळात जाणं बंद केलं आहे, दुसऱ्या रस्त्याने जा म्हटलं. मास्तरने दिलेली दोन पुस्तकं ह्यांच्या हाती परत पाठवली. हे सगळं तिच्या भल्यासाठीच. तिला आत्ता कळणार नाही.

एवढं मात्र आहे की लिहायला बसली की कागदावरून मान वर करत नाही. आठव्या, नवव्या प्रकरणाची प्रत तिने एकेका बैठकीत केली. मी सांगितलं होतं त्यापेक्षा पानं जास्त भरली. म्हटलं, अक्षर मोठं काढत जाऊ नको, कागद महाग आहे.

१५ जानेवारी १९३९

झालं ते लिहून ठेवते.

सुशीलाबाईंकडे संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. तिळगूळ वाटून झाला, बायका पाय पसरून बसल्या, तेव्हा त्यांनी मासिकाचा नवा अंक काढला. म्हणाल्या, आमच्या घरी सगळे ‘मंजुळा’ वाचतात, ऐकून तर पाहा. मी मनात सुखावले. पदर सावरून बसले.

त्यांनी वाचायला सुरुवात केली. रणधीर नव्हताच. मंजुळेच्या घरी एक गोदावहिनी आली होती. मी म्हटलं, छापखान्याने दुसऱ्या कोणाची कादंबरी मिसळली. ही गोदावहिनी देवपूजा झाल्याशिवाय पाणी पीत नाही, काड्यापेटीतल्या काड्या मोजते, चहाची पत्ती वाळवून दुसऱ्यांदा उकळते, आणि साखरेच्या डब्याला कुलूप घालताना देवाचं नाव घेते. बायका हसून लोळल्या. मीसुद्धा हसले. असल्या बाया असतात, माझ्या माहेरी एक आत्या होती.

मग गोदावहिनी मंजुळेचं लग्न ठरवते. आणि सुशीलाबाईंनी मोठ्याने वाचलं, “पंचेचाळीस म्हणजे काही म्हातारपण नाही ग, अक्कल आयती मिळते.”

हे वाक्य मी माझ्या स्वयंपाकघरात बोलले होते. तिथे प्रेमिलाशिवाय कोणी नव्हतं.

सुशीलाबाई म्हणाल्या, “ह्या गोदीच्या तोंडात किडे पडले पाहिजेत बाई. तोंडाने देवदेव करते अन् पोरीले विहिरीत ढकलून राहिली.” एकीने म्हटलं, अशीला बघितलं तरी कशी ओळखायची, दिसायला तर साधीच असेल. कोणी माझ्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

१६ जानेवारी

प्रेमिलाला समोर बसवलं. विचारलं, कधीपासून. सातव्या प्रकरणापासून, म्हणाली. मी सांगत होते रणधीर, ती प्रत करत होती गोदावहिनी. मला वाचून दाखवताना माझंच पाठ केलेलं म्हणत होती. कच्चे कागद चुलीत गेलेले, पडताळून पाहायचीही सोय नाही. माझीच काटकसर माझ्या गळ्याशी आली.

मी म्हटलं, घरच्या माणसाची अशी बेअब्रू करतात का. लहानपणापासून तुझी वेणी घातली, ताप आला तर मांडीवर घेऊन बसले, त्यातलं एक अक्षर का नाही लिहिलं?

“लिहिलं आहे,” ती म्हणाली. “सातव्या प्रकरणात आहे. गोदावहिनी मंजुळेच्या कपाळावर मिठाच्या पाण्याच्या पट्ट्या ठेवते अन् झोप येऊ नये म्हणून उभी राहून जप करते. म्हणूनच लोक तिच्यावर जास्त चिडतात, वहिनी. ती नुसती वाईट असती तर मंजुळा पळून गेली असती.”

मी उठून देवापुढे बसले. जप चुकला. पुन्हा सुरू केला, पुन्हा चुकला.

१८ जानेवारी

संपादकांचं पत्र. ह्या वेळी ह्यांच्याकडून वाचून घेतलं. शेवटचं प्रकरण लवकर पाठवा, ‘गोदावहिनी कोणत्या विचाराने असं वागते हे तिच्याच तोंडून यावं, वाचक त्याची वाट पाहत आहेत.’

बरं झालं. आता मी सांगते ह्यांना गोदावहिनी कोणत्या विचाराने वागते. प्रकरण मीच लिहिणार, माझ्या हाताने, कितीही वेळ लागो. गोदावहिनी असं भाषण करेल की त्या सुशीलाबाई आपले शब्द तिळगुळासारखे परत गिळतील.

२० जानेवारी

दोन दिवस दुपारभर डोळे फोडून लिहिलं. सगळं खरं लिहिलं. गोदावहिनी मंजुळेला सांगते की नवरा मिलचा भागीदार आहे, तू उपाशी राहणार नाहीस. तो भाकरी मोजतो म्हणजे घरावर त्याचं लक्ष आहे. पहिली अशक्त होती, कामाने खचली, पण तू अंगाने धड आहेस. तिचे दागिने पेटीत तयार आहेत. वाचायला मिळणार नाही, पण वाचून कोणाचं पोट भरलं.

इथवर आले आणि थांबले. मिशा पिळणाऱ्या रणधीरने एवढंच म्हटलं असतं, ‘पहिली कामाने खचली, पण तू धड आहेस,’ तर संपादकांनी मला मनिऑर्डर पाठवली असती. वर्षभर मी ज्याच्या तोंडी असं एक वाक्य घालायला तडफडले, ते मी गोदावहिनीच्या तोंडी तिची बाजू म्हणून घातलं होतं.

खोडलं. दुसरं लिहिलं. गरीब मास्तराच्या घरात काय मिळणार होतं तुला, असं. तेही वाचून पाहिलं तर त्यात मास्तरबद्दल वाईट असं काही सापडेना. पगार कमी. सोंग घेतो. बस.

तेच खोडलेलं भाषण पुन्हा नीट केलं आणि प्रेमिलापुढे टाकलं. म्हटलं, प्रत कर. जे बदलायचं ते बदल, मला आता कळत नाही.

तिने सगळं वाचलं. पेनला टोपण घातलं.

“ह्यात काही बदलायची गरज नाही, वहिनी.”

आवाजात राग नव्हता. असता तर मी भांडले असते.

२१ जानेवारी

सकाळी ह्यांना सांगितलं, मामांना लिहा, अर्जुनीचं स्थळ नको. हे म्हणाले, कारण काय लिहू. मी म्हटलं, लिहा की मुलगी भाकऱ्या फार खाते. आणि मास्तरच्या आईला मीच लिहिणार आहे, मुलगी पाहायला या म्हणून.

मामा योगायोगाने दुपारीच आले आणि तावातावाने बोलले. वसंत पंचमी तोंडावर आली आणि ठरलेलं साक्षगंध मोडायचं, ईश्वरदासला काय तोंड दाखवू म्हणाले. मी म्हटलं, तोंड तुम्हीच जपून ठेवलं आहे, तेच दाखवा. मग खरी गोष्ट काढली, की ज्या घरी नकार दिला त्या घरी मुलीकडच्यांनी उलट चालून जायचं नसतं, आपल्यात रीत नाही. “कायले नाक कापून घेऊन राहिली पोरी, माहेरात काही शिकवलं नाही काय?” रीत नाही हे खरं आहे. मलाही रात्रभर तेच टोचत होतं. मी त्यांना जेवायला वाढलं. साजूक तूप वाढलं. जेवणानंतर ते कमी बोलले.

कादंबरीचं शेवटचं प्रकरण प्रेमिला लिहिणार आहे. मी फक्त सांगितलं, गोदावहिनीला मारू नको. बाकी तिचं काय करायचं ते तुझ्यावर.

पत्र मी लिहिलं, ह्यांच्या नावाने नाही, माझ्या. मोठ्या अक्षरात लिहिल्यामुळे दोन कागद गेले. नक्कल इथे ठेवते.

‘चैतराम मास्तरांच्या मातोश्रींना सौ. शामकलाचा नमस्कार. मार्गशीर्षात आपण आमच्या प्रेमिलाला मागणी घातली आणि आम्ही नाही कळवलं. तो नकार मुलीचा नव्हता, तिच्या भावाचाही नव्हता, माझा एकटीचा होता. मला तो परत घ्यायचा आहे. नकार दिल्या घरी मुलीकडचे पुन्हा जात नाहीत, हे मला माहीत आहे, आणि आपल्याला राग आला असेल तर तो रास्त आहे. मुलगी घरकामात चांगली आहे. वाचायला-लिहायला तिला रोज थोडा वेळ लागेल, तो आपल्या घरी मिळेल का, एवढंच माझं विचारणं आहे. आपल्या मुलाच्या मंडईतल्या कामाबद्दल मी पूर्वी बोलले असेन, ते त्याने मनावर घेऊ नये; पुढच्या मंडईला आम्ही पाहायला येऊ. मन अजून असेल तर मुलगी पाहायला या, आमगावच्या गाडीने याल तर हे स्टेशनवर घ्यायला येतील. आमच्या घरी टपाल प्रेमिलाच घेते आणि तीच वाचते, तेव्हा जे लिहाल ते तिच्या डोळ्यांखालून जाईल असं समजून लिहा. हो असेल तर हो, नाही असेल तर नाही, पण मेहेरबानी करून उलट टपाली कळवा.’